कौल मिळेपर्यंत

४ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही आणि हिंजवडीला जाताना वाकडचा पूल दिसला की पोटात गोळा येतो, अशी तक्रार घेऊन मी कंपनीच्या समुपदेशक बाईंकडे गेलो होतो. बाई म्हणाल्या, रोज काहीतरी लिहा, मन हलकं होईल. डायरी आणून ठेवली, पण लिहिण्यासारखं काही घडेना. कॅब, ऑफिस, कॅब, जेवण. एवढंच लिहायचं तर एकदाच लिहून पुढे ‘वरीलप्रमाणे’ म्हणता आलं असतं.

आज घडलं. आबा हरवलेत.

आबा म्हणजे माझे सासरे, गेणबा. सकाळी सोसायटीच्या बागेत फिरायला म्हणून उतरले ते परत आलेच नाहीत. वॉचमन म्हणतो, धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी, गेटबाहेर गेले आणि त्याला रामरामही केला. फोन उशीखाली बंद करून ठेवलेला. बायकोने, शुभांगीने, सूस गाव पालथं घातलं. मी बाणेरपर्यंत जाऊन आलो. त्यांच्या जुन्या गावी, चांद्यात, सोबती बसतात त्या पारावरही बघितलं. नाहीत.

मी उदगीरहून नोकरीला आलो तेव्हा चांद्यात यांच्याच खोलीत भाड्याने राहत होतो. मला कावीळ झाली तेव्हा हा माणूस रोज सकाळी उसाचा रस घेऊन दाराशी उभा राहायचा. पुढे भाडेकरू होतो तो जावई झालो. नंतर चांद्याची जमीन गेली, घर गेलं, आणि आम्ही सगळे सूसला सातव्या मजल्यावर आलो. तिथे आबा गॅलरीत बसतात आणि समोरच्या इमारतीची गॅलरी बघतात.

आणि नेमकं आत्ताच! १४ तारखेला पौडला रजिस्ट्री आहे. ताम्हिणीच्या बाजूला धरणाच्या वर दांडवाडी म्हणून आबांचं आजोळ आहे. तिथला आईकडून आलेला एक तुकडा त्यांच्या नावावर आहे, तो रिसॉर्टवाल्यांना द्यायचा ठरलाय. विसाराची आगाऊ रक्कम घेतलीय, आबांनी स्वतः होकार दिलाय. एजंट जनार्दनने बजावून ठेवलंय की पार्टी चौदा तारखेच्या पुढे एक दिवस थांबणार नाही, डोंगराच्या पलीकडची जागा घेऊन मोकळी होईल. हा व्यवहार झाला की मी राजीनामा देणार आहे. तेवढ्या एका गोष्टीवर मी गेले काही महिने दिवस ढकलतोय.

माणसाने हरवायला दुसरा मुहूर्त बघायला नको का?

असं लिहिलं खरं, पण दर थोड्या वेळाने उठून दार उघडून बघतोय.

५ फेब्रुवारी, बुधवार

पोलिसांत तक्रार दिली. वय, उंची, ओळखखूण. ओळखखूण काय सांगणार, मी म्हणालो उजव्या कानात भिकबाळीचं भोक आहे, भिकबाळी नाही. दुपारी हवालदाराने फोन करून सांगितलं की पौडच्या स्टँडवरच्या कॅमेऱ्यात आबा ताम्हिणीकडे जाणाऱ्या एसटीत चढताना दिसलेत. कंडक्टरला आठवतंय, दांडवाडीच्या फाट्यावर उतरले. म्हणजे वाट चुकलेले नाहीत. मग गेले कशाला? म्हातारपणी डोक्यात काय येईल सांगता येत नाही.

शुभांगी दिवसभर रडतेय. अन्नाला शिवलेली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दांडवाडी. फाट्यावरून गाडी जात नाही, चढ चढून गेलो. माझा दम गेला, शुभांगी मात्र पदर खोचून पुढे.

वाडीत मोजकी घरं. पहिलंच घर नरहरी गुरवाचं. आबांचा हा मामेभाऊ, सोमजाई देवीची पूजा त्याच्याकडे. त्याला विचारलं, आबा आले होते का? तो म्हणाला, आलं होतं की, च्या पिऊन देवीच्या पाया पडाया गेलं. मग? मग काय ठावं, म्हणाला. त्याची बायको गंगूबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, तिने वर बघितलंसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा पत्ता नाही आणि यांच्या चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. या लोकांचा स्वभावच असा थंड असावा.

वाडीच्या वर सोमजाईची राई आहे. शुभांगीकडून लग्नाआधीपासून ऐकत होतो, बघितली आज. उन्हाने सगळा डोंगर पिवळा पडलाय आणि मध्येच हा काळा-हिरवा ठिपका. कडेला शेंदूर लावलेला धोंडा, देवीचं लहानसं देऊळ, आणि त्याच्या मागे नुसता अंधार. राईत कुणी जात नाही. चामडं न्यायचं नाही, लोखंड न्यायचं नाही, आतली वाळकी काटकीसुद्धा बाहेर आणायची नाही. फारच गरज पडली तर देवीचा कौल घ्यायचा आणि मग जायचं. आणि जो आत गेला त्याने परत यायचं तेही कौल मिळाल्यावरच. तोवर त्याला कुणी ओढून आणत नाही. पूर्वी सावकाराचे, सरकारचे पळालेले लोक इथे येऊन बसायचे म्हणे. आबांच्या आजोळचा तुकडा म्हणजे या राईच्या खालचा उतार. राईतलं पाणी तिथेच झऱ्याने बाहेर पडतं आणि वाडी तेच पिते.

आणि त्या धोंड्यापाशी आबांच्या चपला होत्या.

मीच त्या दुरुस्त करून आणल्या होत्या, अंगठ्याची नवी शिलाई ओळखली. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या. शुभांगी मटकन खालीच बसली. मी राईकडे निघालो तर नरहरीने वाटेत काठी आडवी धरली. रागाने नाही, फाटक लावावं तशी.

मग गंगूबाई शुभांगीला झऱ्यावर तोंड धुवायला घेऊन गेली. बऱ्याच वेळाने दोघी आल्या. शुभांगीचे डोळे कोरडे होते. येऊन तिने नाचणीची भाकरी खाल्ली, पोटभर. बायकांचं बरं असतं, रडून मोकळ्या होतात. मला ते जमत नाही.

ती म्हणाली, मी इथेच राहते, तुम्ही घरचं बघा.

८ फेब्रुवारी, शनिवार

डोंगरात हरवलेल्यांना शोधणारी मुलं आली होती, स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या दोऱ्या घेऊन. मी त्यांच्याबरोबर दिवसभर फिरलो. धरणाचा काठ, घळी, कातळाखालच्या कपारी. प्रत्येक कपारीत वाकून बघताना देवाला म्हणत होतो, इथे नको. संध्याकाळी राहिली फक्त राई. मुलांनी चढाईचे बूट काढायचीही तयारी दाखवली. वाडीतली सगळी बायामाणसं धोंड्यापुढे येऊन उभी राहिली. कुणी आवाज चढवला नाही, उभी राहिली फक्त. नरहरी म्हणाला, आमी हाका मारल्यात, आत कुणी न्हाई. हवालदार इकडचाच, त्याने राईला हात जोडले आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, चपलांवरून काही सिद्ध होत नाही साहेब.

कौल मंगळवारी आणि शुक्रवारीच लागतो. काल लावला होता. देवीच्या पाषाणाला उजवीडावीकडे दोन ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, एकही पडली नाही तर थांबा. काल एकही पडली नाही. आमच्या ऑफिसातही असंच उत्तर देतात, पण तिथे निदान ईमेल येतो.

मुलं निघताना गंगूबाईने एकाला थांबवलं. त्याच्या मोज्याला राईच्या कडेचं वाळकं पान अडकलं होतं. ते काढून तिने त्याच्याच हाताने धोंड्यापलीकडे टाकायला लावलं. राईचं राईत, म्हणाली. त्या बिचाऱ्याने तेही केलं.

आबांच्या चपला जागच्या हलल्यात. परवा उन्हात होत्या, आज सावलीला सरकवून ठेवल्यात. कुत्र्याचं काम असेल.

गंगूबाई रोज सकाळी फडक्यात निवद बांधून राईच्या कडेला ठेवून येते. तांदळाची मऊ भाकरी आणि लसणाची चटणी. देवीला लसूण चालतो हे मला नवीन होतं. एक तंबाखूची पुडीही दिसली. शुभांगीला विचारलं तर म्हणाली, इकडच्या देवी जागृत असतात. उदगीरच्या देवी काय झोपलेल्या असतात?

१० फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसला गेलो. रजा संपत आलीय आणि मॅनेजरला ‘सासरे देवराईत’ हे कारण कसं लिहून द्यायचं? वाकडच्या पुलाखाली कॅब अडकली होती तेव्हा मनात आलं की या जगात आत गेलेला माणूस न दिसणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. मीही इतकी वर्षं आतच आहे.

शनिवारी शुभांगी एका रात्रीपुरती माझ्याबरोबर घरी आली होती, घोंगडी न्यायला. देवीला घोंगडी वाहायचा नवस बोलली म्हणे. आबांची जुनीच हवी, नवी नको. रविवारी तिला परत पोचवून आलो. निघण्याआधी तिने आणखी एक पिशवी भरून घेतली. काय काय घेतलं मी बघितलं नाही, खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला होता.

आज सकाळी माझा ऑफिसचा प्लास्टिकचा डबा सापडेना. सगळं स्वयंपाकघर शोधलं. शेवटी कँटीनमध्ये जेवलो, ॲसिडिटी झाली. औषध शोधायला आबांचा खण उघडला तर त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं नाहीत. माणूस नसताना गोळ्या कशा संपतात? वाटलं, शुभांगीलाच बीपी सुरू झालं असावं आणि मला काळजी नको म्हणून लपवत असावी. विचारायचं धाडस झालं नाही. आता तिचीही काळजी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अर्धी रजा टाकून कौलाला गेलो. वाडी जमली होती. नरहरीने पाषाण धुतला, कळ्या लावल्या. डावी अशी नुसती टेकवली आणि उजवी अंगठ्याने बराच वेळ दाबून धरली. हात थरथरत असावा, वय झालंय. मग मोठ्याने म्हणाला, आई, तुज्या राईत मानूस आलं असंल तर त्याला आनाया आत येऊ का? आम्ही सगळे कळ्यांकडे बघत होतो. डावी पडली. सुटकेचा असावा तसा श्वास कुणीतरी सोडला. मागे वळून बघितलं तर शुभांगी होती. डोळे मिटून हात जोडलेले.

नाही म्हणजे नाही. मला त्या दगडाचा राग आला. मग रागाची भीती वाटली. आणि मग नुसता थकवा.

शुभांगीला म्हणालो, तुझा बाप आत मरून पडला असेल. ती म्हणाली, असं बोलू नका, माझं मन सांगतं ते बरे आहेत. मी म्हणालो, मनाने माणूस सापडत नाही. यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू तिला काहीतरी बोलायचं होतं. मग म्हणाली, तुम्ही फार थकलात हो, घरी जाऊन झोपा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जनार्दन भेटला. माझ्या ऑफिसच्या गेटबाहेर गाडी लावून उभा होता. आबांची चौकशी केली, वाईट वाटल्याचंही सांगितलं. मग म्हणाला, “साहेब, माणूस हाय का न्हाई एवढं एकदा नक्की करा. हाय तर शुक्रवारी अंगठा मिळंल. न्हाई तर पार्टीला तसं सांगतो, त्ये थांबायचे न्हाईत.”

मी सरळ कॅबमध्ये जाऊन बसलो आणि दार जोरात ओढलं. त्याच्या बोलण्याचा राग येण्याचं कारण असं की गेले काही दिवस मीही मनातल्या मनात हेच बोलत होतो. फक्त सभ्य भाषेत.

उद्या मी आत जाणार. कौल नसला तरी. अंगठ्यासाठी नाही. आबा मेले असतील तर मेले म्हणून कळू दे, निदान रडता तरी येईल. हे न कळणं मला झेपत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

पहाटेच सूसहून निघालो. शुभांगीला कळवलं नाही. वाडीच्या खालून, झऱ्याच्या बाजूने चढलो. धोंड्यापाशी आबांच्या चपलांवर कुणीतरी दव पडू नये म्हणून पळसाची पानं झाकली होती. शेजारी माझे बूट काढले. मोबाईल, किल्ल्या, घड्याळ त्यात ठेवलं. मग आठवलं, पट्टा चामड्याचा आहे, तोही काढला. देवीवर माझा विश्वास आहे का, मला माहीत नाही. पण दुसऱ्याच्या घरात शिरताना त्या घराच्या रीतीने शिरावं. एका हाताने पँट धरून मी सोमजाईच्या राईत शिरलो.

चार पावलं गेलो आणि ऊन संपलं. पायाखाली पानांचा थर इतका की पाऊल रुतत होतं आणि आवाज येत नव्हता. गारंबीचे वेल माणसाच्या मांडीएवढे, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले, काही जमिनीवर वेटोळी घालून पडलेले. प्रत्येक वेटोळं आधी साप वाटायचं. वर काहीतरी जोरात खाकरलं, मी जागीच बसलो, तर शेकरू. थोड्या वेळाने मागे बघितलं तर ज्या वाटेने आलो ती वाटच नव्हती. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी शांतता कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. तिच्यात ओरडायला लाज वाटली.

पाण्याच्या धारेला धरून वर चढत राहिलो. तळपायात काटे मोडले. एका आंब्याच्या खोडाला टेकून दम खात होतो. खोड एवढं की पलीकडे घर असतं तरी दिसलं नसतं. आणि मला वास आला. कुजल्याचा वास येईल म्हणून मी मनाची तयारी करून आलो होतो. हा तंबाखूचा होता.

खोडाला वळसा घातला. गारंबीच्या वेलावर आमची घोंगडी वाळत घातलेली. खाली दगडावर माझा ऑफिसचा डबा. त्याच्या शेजारी बीपीच्या गोळ्यांचं पाकीट. आणि पाण्यात पाय सोडून आबा बसलेले, तळहातावर तंबाखू मळत.

मला पाहून दचकले नाहीत. म्हणाले, “बसा पाव्हणं. आदी पाय बगा, काटं असतील.”

मी बसलो नाही, कोसळलो. सगळं एकदम डोक्यात शिरलं. लसूण, गोळ्या, घोंगडी, कोरडे डोळे, नरहरीचा अंगठा. सगळ्या वाडीला माहीत होतं. माझ्या बायकोला माहीत होतं. मला रडू यायला लागलं, आणि ते सुटकेचं होतं की अपमानाचं हे मला अजूनही सांगता येत नाही.

आबांनी मला रडू दिलं. मग विचारलं, “तारीख झाली का?”

“उद्या आहे.”

“मंग आज कशाला आला?”

मी म्हणालो, तुम्ही मेलात असं वाटलं मला. विकायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं, कुणी जबरदस्ती केली होती का? आबांनी पाय पाण्याबाहेर घेतले.

“तुमी म्हणला व्हता, आबा, मी लई थकलोय. आटवतं का? गॅलरीत, माज्या शेजारी बसून. आता थकलेल्या मानसाला न्हाई कसं म्हणायचं? म्हणलं, बरं, करू. शबुद दिला.” त्यांनी तंबाखू दाढेखाली ठेवली. “मंग ह्यो झरा डोळ्यापुडं याया लागला. माजी आय ह्या पान्यावर वाडली. वाडीनं कुटं जावं? शबुदबी मोडवंना आन् जमीनबी सोडवंना. तवा म्हणलं, आईच्या राईत जाऊन बसावं. तिनंच सोडलं न्हाई तर माजा शबुद मोडला असं व्हत न्हाई.”

मग ते जे म्हणाले ते ऐकताना मला वाटलं, हे म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

“पन आता तुमी सोता आत आला. जावई दारात आला तर मी न्हाई म्हनायचो न्हाई. धरा हात, उद्या येतो पौडाला.”

आणि त्यांनी हात पुढे केला.

सगळा राजीनामा त्या हातावर होता. सकाळी उशिरा उठणं, वाकडचा पूल न दिसणं, उदगीरला आईजवळ महिनाभर राहणं, सगळं. मी त्या हाताकडे बघत राहिलो. बोटांच्या पेरांना तंबाखूचा पिवळेपणा होता. याच हातात उसाच्या रसाचा तांब्या असायचा. मी कधी त्यांना विचारलंही नव्हतं की तुम्ही सातव्या मजल्यावर थकता का.

डब्यात एक भाकरी होती. मी तिचे दोन तुकडे केले आणि एक त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग आम्ही जेवलो. चटणी तिखट होती. त्यांनी वाट सांगितली, धारेचं पाणी उजव्या हाताला ठेवून उतरा म्हणाले. निघताना मला म्हणाले, तुमी आलता हे कुनाला सांगू नगा, गंगीला वाईट वाटंल. बूट घातले, पट्टा बांधला आणि खालच्या खाली घरी आलो. कुणी पाहिलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पौडच्या कचेरीत दिवसभर बसलो. जनार्दन, रिसॉर्टवाल्यांचे दोघे, त्यांचा वकील, कागदांची जाडजूड फाइल. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, सापडले नाहीत. राईत पाहिलं का, जनार्दनने विचारलं. पाहिलं म्हणालो, आत कुणी नाही. इतकं सपाट खोटं मी याआधी फक्त कामाच्या अहवालात लिहिलंय.

जेवणाच्या सुट्टीनंतर वकील दोनदा घड्याळ बघून गेला. एकदा मलाच वाटलं, उठावं, जीप करावी, अजून वेळ आहे. उठलो, बाहेर जाऊन चहा प्यायलो आणि परत येऊन त्याच बाकावर बसलो. कचेरी बंद झाली. विसाराचे पैसे परत करायचं मी कबूल केलं. रिसॉर्टवाल्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि आबांसाठी प्रार्थना करू म्हणाले. चांगली माणसं होती.

संध्याकाळी कौलाला पोचलो तेव्हा वाडी जमलेली. आज नरहरीने डावी कळी पाषाणावर ठोकावी तशी बसवली. उजवीला नुसतं बोट लावलं. तो “आई, तुज्या राईत” एवढंच म्हणाला आणि ती पडली. प्रश्न पुरा व्हायच्या आत. गंगूबाईने पदराने तोंड झाकलं.

नरहरी आत गेला आणि बघता बघता आबांना घेऊन आला. घोंगडी खांद्यावर, चालणं ताठ. बायकांनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. म्हाताऱ्यांनी देवीची करणी म्हणून कानाला हात लावले. इतका झकास अभिनय मी बघितला नव्हता, आणि सगळ्यात झकास माझा होता. मी धावत गेलो आणि आबांच्या पाया पडलो. ते मोठ्याने म्हणाले, “लई हुडकलं म्हनं मला, पाव्हणं.” मग पाठीवर हात ठेवला. तो बराच वेळ काढला नाही.

शुभांगी रडत होती, खरंखुरं. जीपमध्ये माझ्या शेजारी बसली आणि तिची नजर माझ्या पायांकडे गेली. घोट्यांवर गारंबीचे ओरखडे आहेत, लपवायचे राहून गेले. माझा हात तिने पौडपर्यंत धरून ठेवला होता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कॅब वेळेवर आली. मीही वेळेवर गेलो. राजीनाम्याचा मसुदा काढून टाकला. थकवा आहे तिथेच आहे, समुपदेशक बाईंना तसं सांगावं लागेल. फक्त काल आबांना गॅलरीतून उठवून खाली बागेत नेलं, तेव्हा ते एका झाडाचं नाव सांगता सांगता पुढच्या झाडाकडे गेले आणि मी त्यांच्यामागून चालत राहिलो. अंधार पडेपर्यंत फिरलो.

सकाळी शुभांगीने डबा हातात दिला. म्हणाली, सापडला हो, मांडणीच्या मागे पडला होता. मी म्हणालो, बरं झालं. आम्ही दोघंही गंभीर होतो.

दुपारी कँटीनमध्ये डबा उघडला. भाजी-पोळी होती, पण घासूनही लसणाचा वास गेला नव्हता. झाकणाच्या खाचेत काहीतरी तपकिरी अडकलं होतं. नखाने काढलं. आंब्याचं पान, वाळलेलं, अर्धंच. समोरचा म्हणाला, फेक ना, बाजूलाच डस्टबिन आहे.

मी ते कागदी रुमालात गुंडाळून पाकिटात ठेवलं. परत नेऊन टाकायला हवं. रविवारी जाईन. आबांना विचारतो, येता का.